तिसरं बटण

ऑफिसात तिला सगळे ‘घार’ म्हणत, नजर तशी तिखट म्हणून. सिनेमाच्या एकेका चौकटीत एखाद्या वस्तूभोवती माउसने केसाइतकी बारीक रेघ ओढायची, हे तिचं काम. रेघेच्या आत रंग चढतो, बाहेरचं जग काळंपांढरं राहतं. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि प्रत्येकीत पुन्हा तीच रेघ. ऐकणारा म्हणतो, “एवढंच?” एवढंच. एक दिवस बसून बघा म्हणावं.

चित्रकथेच्या पुस्तकावरून काढलेला तो पहिला गुन्हेपट ऑफिसातल्या तिच्याच खोलीत रंगवला गेला. सगळा काळापांढरा, आणि दृश्यात एकच वस्तू हिरवी. दिग्दर्शकाचा तसा नियमच होता. शेवटच्या दृश्यात हिरव्या मफलरातला खुनी जिन्यात मरून पडतो आणि इन्स्पेक्टर त्याच्यावर वाकतो. घारीने मफलरभोवती रेघ ओढली, आणि मफलरच्या टोकाला खेटून आलेलं इन्स्पेक्टरच्या कोटाचं तिसरं बटण एकतीस चौकटींत रेघेच्या आत राहून गेलं. त्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शेवटची तपासणी न करताच ती पर्स उचलून पळाली होती.

थेटरात ते हिरवं बटण दिसलं तेव्हा तिला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. “उद्या नोकरी गेली बघ,” ती आईच्या कानाशी लागली.

नोकरी राहिली बाजूला, बटण गाजलं! दृश्यात एकच हिरवी वस्तू असते, मग इथे दोन कशा? म्हणजे खरा खुनी इन्स्पेक्टरच! लोकांनी लेख लिहिले, कॉलेजांत भांडणं झाली, बटणाचे टी-शर्ट निघाले. मुलाखतीत विचारलं तर दिग्दर्शक गालातल्या गालात हसून म्हणाला, “काही उत्तरं प्रेक्षकांनीच शोधायची.” त्यालाही उत्तर ठाऊक नव्हतं, पण हसता छान येत होतं. खोलीच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे मुकादम म्हणत. त्या मुकादमाला बटणापायी बढती मिळाली. घार गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग दुसरा भाग निघाला. अडीच तास नुसता बटणाचा खुलासा. ते आलं कुठून, कुणाच्या आजोबांनी कुणाला दिलं, त्यापायी किती मुडदे पडले. पहिल्या सिनेमात जो इन्स्पेक्टर दहा वाक्यं बोलून लोकांच्या मनात घर करून गेला, तो आता ऊठसूट कोट चाचपत भाषण ठोकायचा. बटण जवळजवळ प्रत्येक दृश्यात. मुकादमाने हुकूम सोडला, “बटण घारीकडेच. तिच्याइतकं कुणाला जमत नाही.”

तीन वर्षं. कायमचे ओढलेले पडदे, एसीचा गारठा, आणि समोर ते चार भोकांचं बटण. मानेला पट्टा आला, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. समोर कुणी आलं तर त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी तिची नजर त्याच्या बटणांवर जायची. राजीनामा दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. चूक आपली आणि शिक्षा शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीने भोगायची, हे तिला पटेना. कुणाला सांगायचीही सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

“सांगून टाक एकदाचं,” आई म्हणायची. “गेली नोकरी तर गेली. बऱ्या झालेल्या डोळ्यांनी मी हेच बघायचं का गं?”

प्रदर्शनाला चार महिने असताना निवडक लोकांना सिनेमा दाखवला. मध्यंतरात दोघं चहाला गेले ते परत आलेच नाहीत. बटणावर सगळ्यात लांब लेख ज्याने लिहिला होता, तो जांभई देत म्हणाला, “सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.” मागच्या ओळीत दिग्दर्शक एकटाच बसला होता. अजून वेळ होता. आत्ता सांगितलं तर सिनेमा वाचेल आणि आपणही सुटू, असं वाटून घार उठली.

“सर, ते बटण माझी चूक होती.” मफलर, रेघ, आईचं ऑपरेशन, सगळं तिने एका दमात सांगितलं. “मुद्दाम काहीच नव्हतं. तुमचा इन्स्पेक्टर खुनी नाही हो, सर. सोडा त्याला.”

दिग्दर्शकाने तिच्याकडे बघितलं आणि तो थकल्यासारखा हसला. “तुम्ही पाचव्या.”

“म्हणजे?”

“कपडेपट म्हणतो, बटण आम्ही निवडलं. कॅमेरामन म्हणतो, प्रकाश माझा. तुमचे साहेब म्हणतात, कल्पना त्यांची. आणि इन्स्पेक्टर झालेला नट तर म्हणतो, मी घरून शिवून आणलं. चार बाप होतेच, आज आईही मिळाली.”

“अहो, श्रेय कोण मागतंय? चूक म्हणतेय मी, चूक!”

“तेच तर. मागायची ही तऱ्हा बाकीच्यांना सुचली नाही.”

दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. जुन्या फाइली मुकादमाने जागा हवी म्हणून केव्हाच पुसल्या होत्या.

“तुमचं नाव सुरुवातीच्या पाट्यांतच मोठं टाकू,” दिग्दर्शक म्हणाला. “फक्त सोडून जाऊ नका. हा खुलासा लोकांना पटत नाहीये, म्हणजे खरा खुलासा तिसऱ्या भागात करावा लागणार. करार तीन भागांचा आहे, बाई. मी तरी कुठे सुटलोय?”

संध्याकाळी आईने दार उघडलं.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग? काढलं तुला?”

“नाव मोठं करणार आहेत.”

आईला आधी हसू फुटलं. मग तिच्या लक्षात आलं, लेक उंबऱ्यातच थांबली आहे आणि तिची नजर आपल्या स्वेटरवर आहे, वरून तिसऱ्या बटणावर. म्हातारीने त्या बटणावर तळहात ठेवला.

“इकडे बघ,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघ.”