महादेवीबाईंची ताकदीची गोळी

डबीत सहा गोळ्या उरल्या होत्या. उरायला सहाच हव्या होत्या. म्हणजे एकही चुकलेली नव्हती. तरी व्हायरल लोड वाढलेला होता.

मी सोलापुरात एआरटी सेंटरवर कौन्सेलर आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना औषध देणारं हे सेंटर. रक्तात विषाणू किती आहे, ते व्हायरल लोडच्या तपासणीत कळतं. रोज एक गोळी नीट घेतली, की तो इतका कमी होतो की मशीनलाही सापडत नाही. मग माणूस चारचौघांसारखा कामाला जातो आणि यथावकाश म्हातारा होतो.

महादेवीबाई मूळच्या मैंदर्गीच्या. नाव अर्थातच बदललं आहे. नवरा गेल्यावर त्या कुंभारीला भावाकडं राहायला आल्या. एका खानावळीला कडक भाकरी करून देतात. त्यांचा आजार भावाला ठाऊक आहे, भावजयीला नाही. कित्येक वर्षं त्यांचा रिपोर्ट उत्तम यायचा. या वेळी बिघडला.

"गोळ्या टाकून देत असतील," डॉक्टर सर म्हणाले. "तीन महिने कौन्सेलिंग करा. पुन्हा असाच आला तर औषध बदलू."

औषध बदलणं म्हणजे जास्त गोळ्या, आणि पुढं हाताशी कमी पर्याय. ते आम्ही सहजासहजी करत नाही.

दोन महिने मी त्यांना तेच ते विचारलं. वेळ चुकते का, गावाला गेल्यावर गोळी राहते का, उलटी होते का, दुसरं काही औषध चालू आहे का. दर वेळी एकच उत्तर, नाही. तिसऱ्या खेपेला त्या शांतपणे म्हणाल्या, "खोटं वाटत आसंल तर रोज हितं येते म्याडम. तुमच्याम्होरं गिळते."

माझे नेहमीचे प्रश्न संपले होते. टेबलावर एक फॉर्म पडला होता. पेशंटच्या जगण्याचा दर्जा कसा आहे, याचा. झोप, दुखणं, माणसांत मिसळणं असे पुष्कळ प्रश्न. खरं सांगायचं तर मला तो कटकटीचा वाटायचा. त्या दिवशी वेळ जावा म्हणून भरायला घेतला.

झोप येत नव्हती. कशात मन रमतं, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, आता कशातच नाही. भावाची दीड वर्षाची नात त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. रिपोर्ट आल्यापासून त्यांनी तिला जवळ घेणं बंद केलं होतं.

"रगतात वाढलंय म्हणला न्हवं तुमी? लेकराला लागलं तर?"

जवळ घेतल्यानं, भरवल्यानं, पापा घेतल्यानं हा आजार लागत नाही, लोड कितीही असो. हे मी दोन महिन्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. मी गोळ्या मोजत बसले होते. त्या दिवशी सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले.

पुढचा प्रश्न दुखण्याचा होता. गुडघे लई दुखतात म्हणाल्या. त्यावर काय घेता विचारलं, तर म्हणाल्या, "औषिद न्हाय घेत. ताकदीची गोळी घेते."

पिशवीतून त्यांनी डबी काढली. कॅल्शियम. गावातल्या डॉक्टरांनी सात-आठ महिन्यांपूर्वी दिलेलं. भावजयीला संशय नको म्हणून त्या आमच्या गोळ्याही घरी याच डबीत ठेवायच्या आणि सेंटरला यायच्या दिवशी मूळ डबीत भरायच्या. डबी दोनदा उघडायला नको, म्हणून सकाळी उपाशीपोटी दोन्ही गोळ्या एकदम घ्यायच्या.

मी डबी घेऊन सरांकडं गेले. त्यांनी लेबल वाचलं आणि कपाळाला हात लावला. उपाशीपोटी एकदम घेतल्या, तर आमची गोळी पोटात कॅल्शियमला चिकटून बसते. रक्तात पुरेशी जातच नाही. महादेवीबाई अक्षरशः खरं बोलत होत्या.

उपाय साधा होता. आमची गोळी सकाळी, कॅल्शियम संध्याकाळी. त्यांना वेगळीच काळजी पडली. "दोनदा डबी उघाडली तर वैनी इचारंल की."

"डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितलंय म्हणा. खरंच आहे ते."

गोळीला लागू पडायला वेळ मिळावा म्हणून तपासणी सरांनी थोडी पुढं ढकलली. त्या काळात माझीच झोप उडाली होती. रिपोर्ट आला तेव्हा मी उभ्यानंच वाचला. विषाणू आढळला नाही.

महादेवीबाईंनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. सर बाहेर आले आणि म्हणाले, "मावशी, मी तुमच्यावर शंका घेतली. चुकलं माझं."

"आसू द्या की," त्या म्हणाल्या. "पर गुडघं आजून दुखत्यात. त्या पोरीला कडंवर घेऊन फिरावं लागतंय दिवसभर."

तेव्हापासून 'दुसरं काही औषध चालू आहे का' असं मी कुणालाच विचारत नाही. पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. ताकदीच्या गोळीला, चूर्णाला आणि ॲसिडिटीच्या बाटलीला आमच्याकडं कुणी औषध म्हणत नाही.