नाना आणि मांजराचं दार

नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, उघडं दार सहन होत नसे. दुधाची पिशवी घेतानाही ते दार हात बाहेर जाईल एवढंच उघडत. पाहुणे आले की आधी त्यांना आत घेत, कडी लावत आणि मग "या" म्हणत. त्यांची सगळी नोकरी नाशिक रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पार्सलं मापण्यात आणि बंद करण्यात गेली होती. मी नामपूरकडची. आमच्याकडे दार फक्त झोपताना लावायचं असतं. त्यामुळे लग्नानंतर मी दारं उघडत गेले आणि नाना माझ्या मागून ती लावत गेले. यावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

पंच्याण्णवच्या सुमारास सासूबाईंना, म्हणजे आईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून आणल्यावर त्यांचा पलंग मधल्या खोलीत टाकला. तिथून स्वयंपाकघर आणि मागचं दार सरळ समोर दिसे. पण आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

आजाराआधी आईंनी एका राखाडी मांजराला लळा लावला होता. नाना दुपारी झोपले की मागच्या दारात वाटीभर दूध ठेवायचं, असं चालायचं. नानांना ते ठाऊक होतं, कारण ते झोपत नसत. एक दिवस मी धुणं वाळत घालायला मागचं दार उघडलं, तर ते मांजर माझ्या पायांतून आत शिरलं, थेट पलंगावर चढलं आणि आईंच्या डाव्या कुशीत बसलं. आई वळल्या. डावा हात त्याच्या पाठीवरून फिरू लागला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच पेज पूर्ण घेतली.

नाना उंबऱ्यात उभे राहून बघत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "मांजर येऊ दे. दार उघडं राहणार नाही."

या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मांजर मापलं. मी त्याला दुधात गुंतवलं आणि नानांनी शिंप्याच्या टेपने त्याची उंची-रुंदी घेतली.

"मिशा धरायच्या का?" मी विचारलं.

"धरायच्या," नाना म्हणाले. "आणि थंडीत अंगावर केस वाढतील, तेही."

दाराला हात लागू नये म्हणून त्यांनी आधी न्हाणीघराच्या खिडकीची खालची काच काढली. मांजर आलं, पण ओल्या पायांनी, आणि मागच्या बाजूने पलंगावर उडी मारून. आई इतक्या दचकल्या की हातातला कप खाली पडला. पुढे त्याच वाटेने घूस आली. नानांनी काच परत बसवली आणि दोन दिवस मागच्या दाराभोवती घिरट्या घातल्या. मग करवत काढली. सागवानी दार होतं. कापताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या चौकोनात त्यांनी वरून बिजागरी लावून प्लायवुडची झडप बसवली. सुरेख बसली होती. मांजर बाहेर येऊन बसलं, झडपेकडे बघितलं आणि निघून गेलं. नानांनी आत सुकट ठेवली. मांजराला मागून ढकलून पाहिलं, त्यात मनगटावर ओरखडे आले. माझी आई तेव्हा नामपूरहून आली होती. व्याही झडपेपाशी उकिडवे बसलेले पाहून तिने अहिराणीत विचारलं, "नाना, मांजरले इचारं का तुम्ही?"

नाना हसले नाहीत.

मांजर यायचं बंद झालं आणि आई पुन्हा भिंतीकडे वळल्या. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटून घेत. पेज तशीच परत जाई. नाना ते सगळं बघत होते.

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात आले, तर मागचं दार सताड उघडं. शेजारी स्टुलावर नाना, हातात काठी.

"नाना, कुत्रं शिरेल."

"म्हणून तर बसलोय."

आठवडाभर ते रोज दुपारी तसे बसले. अखेर मांजर आलं. काठीकडे तिरकं बघत आत गेलं, आणि आईंचा हात उचलला गेला. नाना जागचे हलले नाहीत. मांजर परत गेल्यावर त्यांनी दार लावलं, पुढच्या दाराने बाहेर पडून मागच्या अंगणात गेले आणि झडपेसमोर जमिनीला हनुवटी टेकवून पालथे पडले. शेजारच्या वहिनी घाबरून धावत आल्या.

"काही नाही," नाना उठत म्हणाले. "पलीकडचं काहीच दिसत नाही. मीसुद्धा आत गेलो नसतो."

बाजारातून त्यांनी टेबलावर अंथरायचं जाड, पारदर्शक प्लास्टिक आणलं. प्लायवुड काढून ते बसवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून खाली ॲल्युमिनियमची पट्टी लावली आणि घुशीसाठी आतून एक फळी, जी ते रात्री स्वतः सरकवत. मांजराने बाहेरून आत पाहिलं. समोर पलंग होता, पलंगावर आई. त्याने डोकं घातलं आणि आलं.

तेव्हापासून दुपार झाली की आई दाराकडे तोंड करून पडायच्या. प्लास्टिकमागे आधी दोन कान दिसत. असंच एकदा कान दिसले आणि आई म्हणाल्या, "ये."

आजारानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेले नाना "मला बोलावलं" म्हणत उठले. ते पोचेपर्यंत मांजर पलंगावर होतं. नाना पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"दोघं आलोय," ते म्हणाले.

आई त्यानंतर काही वर्षं होत्या. मोजकेच शब्द परत आले: पाणी, नको, आणि नानांसाठी "अहो." एका थंडीत त्या झोपेतच गेल्या. मांजर येत राहिलं. त्याचं खाणंपिणं नाना बघू लागले.

पुढे पलीकडच्या गल्लीतल्या पवारांनी मुंबईहून मांजरासाठी तयार दार आणलं. खोक्यातलं, कुलूप असलेलं. नानांना दाखवायला त्यांनी बोलावून नेलं, मीही गेले.

"हे कुलूपवालं चांगलं की साधं बदलून आणू?" पवारांनी विचारलं.

नानांनी खोकं उघडलंच नाही. "मांजर कोणापाशी बसतं?"

"आईपाशी. तिचे गुडघे गेलेत ना, ती पलंगावरच असते."

नाना आत गेले. म्हातारीला नमस्कार करून तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि तिथून चारी बाजूंना बघितलं.

"पुढचं दार दिसतंय. त्यात बसवा."

"अहो, ते मेन डोअर आहे! आत्ताच पॉलिश केलंय. मागच्या दारात नाही का चालणार?"

"तिथून येताना यांना दिसणार नाही."

"पण दार खराब होईल हो."

"दार नवं मिळतं," नाना म्हणाले.

पवारांच्या बायकोने चहा आणला होता. नानांनी तो घेतला नाही. घरी मांजर वाट बघत असेल म्हणाले आणि चपला घातल्या.