पक्षी शुक्रवारी

ख्रिश्चन कुटुंब, घरीच शाळा, निसर्गाचा अभ्यास, असं ऐकलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहितीय. पियानो, पांढरे मोजे, केकचा वास आणि बागेत फुलपाखरामागे पळणारी गोड मुलगी. बसा जरा. आमचा अंबडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाग म्हणजे गॅलरीतल्या सात कुंड्या, आणि केक नाताळात बेकरीतून येतो. फुलपाखरू एकदा आलं होतं, ते पंख्यात गेलं.

शाळा माझ्या बहिणीसाठी होती. दहा वर्षांची, आम्ही तिला छोटी म्हणतो. काविळीत तिचे तीन महिने बुडाले आणि शाळेने सांगितलं, वर्ष परत करा. मम्मी म्हणाली, मी घरी शिकवते. पप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे पप्पा, निफाडकडे हेडमास्तर होते, आता रिटायर आहेत. ते फोनवर म्हणाले, "घरी पोळ्या होतात, शिक्षण नाही होत. बोर्डिंगला टाका तिला." पप्पा मध्ये सापडले. शेवटी मम्मीला एक आठवडा मिळाला. शनिवारी मोठे पप्पा येऊन छोटीला प्रश्न विचारणार. उत्तरं आली तर घरी, नाहीतर जूनपासून बोर्डिंग.

अडचण एकच. छोटी मोठ्या पप्पांसमोर मुकी होते. नाताळात त्यांनी नऊचा पाढा विचारला, तर तिने तोंडातली करंजी चावायचीसुद्धा थांबवली होती.

मम्मीने आठवडा आखला तो सरळ उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरून. देवाने ज्या दिवशी जे केलं, त्या दिवशी तेच शिकायचं. सोमवारी उजेड, मंगळवारी आकाश आणि पाणी, बुधवारी झाडं, गुरुवारी सूर्य-चंद्र, शुक्रवारी मासे आणि पक्षी, शनिवारी जनावरं आणि माणूस. कागद फ्रिजवर चिकटला.

सोमवारी प्रार्थना झाली. मम्मी पाण्याच्या ग्लासातून भिंतीवर इंद्रधनुष्य पाडत होती, तेवढ्यात छोटी गॅलरीतून आली.

"मम्मी, टांगलेल्या कुंडीत बुलबुलचं घरटं आहे. तीन अंडी."

"पक्षी शुक्रवारी."

"पण ती आत्ता बसलीय."

"बसू दे. आज उजेड."

मी म्हणालो, "म्हणजे आज ती अजून झालीच नाहीये का?" मम्मीने नुसतं बघितलं. मला एकदम आठवलं की कॉलेजला उशीर होतोय.

छोटी हट्टी. वहीत पुढून मम्मीची शाळा, मागच्या पानापासून स्वतःची. रोज स्टुलावर बसून पेन्सिलने लिहायची, बुलबुल किती वेळा उठली, कधी परत आली.

तिची भीती घालवायचं काम मी घेतलं. निफाडला मोठ्या पप्पांच्या शाळेत होतो तेव्हा मी सगळ्या सरांचे आवाज काढायचो, त्याचा मारही लय खाल्लाय. मोठे पप्पा तर सोपे. आधी दोनदा खोकायचं, मग "बोला बाईसाहेब". मी आठवडाभर तिच्या पाठीमागून तेच केलं. सोमवारी ती दचकली. मंगळवारी पप्पांची फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आम्ही दोन गाड्यांवर गंगापूर धरणाला गेलो. पप्पा तिला चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत कसा पळवायचा ते दाखवत होते. मी मागून खोकलो, "अहं, अहं. बोला बाईसाहेब, ढग कशाचे?" तिने उत्तर दिलं, पण पप्पांच्या शर्टाला धरून. गुरुवारी गच्चीवर झाडूच्या दांड्याची सावली मोजताना ती सरळ म्हणाली, "दादा, खोकला अजून खालून काढ."

शुक्रवारी मम्मी खुर्ची घेऊन गॅलरीत आली. "चला, आज पक्षी." कुंडीत अंडी नव्हती. तीन उघड्या चोची होत्या. छोटीने वही उलटी करून दिली. मम्मीने उभ्याउभ्या पाचही दिवस वाचले. आत दूध उतू गेलं.

"अक्षर नीट काढ," एवढंच म्हणाली. पण फ्रिजवरचा कागद काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

शनिवारी मोठे पप्पा पाचला येणार होते, आले साडेतीनला. मी दही आणायला गेलो होतो. परत आलो तर हॉलमध्ये द्राक्षांची पेटी, पप्पा भिंतीला टेकून उभे, आणि मोठे पप्पा गॅलरीच्या दारात. छोटी स्टुलावर, पाठ त्यांच्याकडे.

"अहं, अहं. बोला बाईसाहेब, काय चाललंय?"

छोटीने मान वळवली नाही. "हळू रे. पिल्लं घाबरतात."

"अंडी किती दिवसांत फुटली?"

"माहीत नाही. मी बघितली तेव्हा ती आधीच होती. न बघितलेलं कसं सांगू? पहिलं पिल्लू काल सकाळच्या आधी आलं, मी उठले तेव्हा होतं."

"आई काय भरवते?"

"बारीक किडे. मी केळं ठेवलं होतं, ते तिनेच खाल्लं."

"नऊचा पाढा?"

तिने धडाधड म्हटला. नऊ नवे एक्क्याऐंशीला थांबली. "दादा, आज खोकला मस्त जमलाय. एकदम म्हातारा वाटतोस."

पप्पांनी तोंडावर हात धरला. मी दारातून म्हणालो, "छोटे, मी इथे आहे."

ती वळली. चेहरा पांढरा. मला वाटलं, गेलं सगळं, आता करंजी. पण ती स्टुलावरून उतरली, फ्रॉक खाली ओढला आणि मोठ्या पप्पांकडे बघून म्हणाली, "नऊ दाहे नव्वद राहिलं होतं."

मोठ्या पप्पांनी खिशातून बोर्डिंगचा फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि परत खिशात टाकला. मम्मी किचनच्या दारात डाव घेऊन उभी होती, तिला म्हणाले, "चालू दे तुझं."

पप्पांनी हसत माझा आठवडाभराचा खोकला सांगून टाकला, तसे ते माझ्याकडे वळले.

"वर बघ. एकतीस वर्षं फळे पुसले, त्याचा खोकला आहे हा. खडू बसलाय छातीत. तू तो हसायला घेतोस? आणि मी बाईसाहेब लाडाने म्हणतो रे. तू कसं म्हणत होतास, की पोर सोमवारी दचकली? सोमवारपासून कॉलेजला जायच्या आधी तिच्या शेजारी बसायचं. तुला तरी येतो का नऊचा पाढा?"

मी नऊ साते त्रेसष्टपर्यंत गेलो आणि अडलो.

"बघा," मम्मी म्हणाली, "आणि पिशवी बघ हातातली. अर्धं दही जिन्यात सांडून आलास, गाढवा. फडकं घे आणि आधी ते पुस."