आमची ही

मुलीनं पुण्याहून फोन करून सांगितलं की तिनं माझ्यासाठी एक क्लिनिकल सोशल वर्कर, म्हणजे दुःखातल्या माणसांना बोलतं करणारी समाजसेविका, ठरवली आहे, दर आठवड्याला ऑनलाइन बोलायचं. समाजसेविका म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे रक्तदान शिबिर आणि मोफत चष्मे आले. "मला चष्मा आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही 'बरं आहे' याच्यापलीकडे एक शब्द बोलला नाहीत. निदान त्यांच्याशी तरी बोला." यावरही मी "बरं आहे" म्हणालो. तिनं तो होकार धरला.

पहिल्या दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घातला, गॅलरीकडचं दार लोटलं, टॅब्लेट टेबलावर उभा केला आणि त्याच्यापुढे चहाचा कप आणि बशीत चिवडा ठेवला. घरी कोणी येणार म्हटल्यावर त्याला रिकाम्या तोंडी कसं पाठवायचं? पडद्यावर चाळिशीतल्या एक बाई दिसल्या. बशीकडे बघून म्हणाल्या, "काका, हे माझ्यासाठी?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण त्या हसल्या नाहीत. "थांबा हं," म्हणाल्या आणि आतून स्वतःचा कप घेऊन आल्या. त्या शीवला राहत होत्या. सकाळी परळच्या एका इस्पितळात नोकरी आणि दुपारी माझ्यासारखी गिऱ्हाइकं. त्यानंतर आमचं बोलणं नेहमी चहानंच सुरू व्हायचं. चिवडा मात्र मला एकट्यालाच संपवावा लागे.

घरी कोण कोण असतं, त्यांनी विचारलं.

"मी आणि ही."

"ही म्हणजे?"

"म्हणजे, होती. आमची ही."

"नाव काय त्यांचं?"

मी चहाचा घोट घेतला. चिवड्यातले शेंगदाणे शोधू लागलो. त्या झोपेबिपेचं विचारू लागल्या.

त्यांना काय सांगणार? लग्न झालं तेव्हा गिरगावातल्या या दोन खोल्यांत आई, अप्पा, दोन धाकटे भाऊ आणि आम्ही दोघं राहत होतो. वडीलधाऱ्यांदेखत बायकोला नावानं हाक मारणं म्हणजे रस्त्यात तिच्या गळ्यात हात टाकण्यासारखं होतं. मी "ऐकलंस का?" म्हणायचो, ती "अहो" म्हणायची, आणि एवढ्यावर आमचा अख्खा संसार झाला. पुढे आई-अप्पा गेले, भाऊ डोंबिवलीला गेले, घर मोकळं झालं. पण तोवर जिभेला वळण पडून गेलं होतं. नाव घ्यायचं ते लग्नाकार्यात, उखाण्यातून, तेही बायकांनी दार अडवून धरलं तर. इस्पितळात मी ते लिहून दिलं. स्मशानातसुद्धा लिहूनच दिलं.

बाकी मी बोलायला लागलो होतो. मेट्रोचं खोदकाम चालू असताना ही भाजीला जाता-येता पत्र्याच्या फटीतून आत डोकावायची आणि घरी येऊन मला कामाची प्रगती सांगायची, जसं काही कंत्राट हिच्याकडेच होतं. "आपण पहिल्या गाडीनं जायचं हं," म्हणायची. मेट्रो सुरू झाली. मी अजून बसलेलो नाही. बाईंना हे सांगताना मला मध्येच खोकल्याचं निमित्त करावं लागलं. मला तिची फार आठवण येते. दुपारी चारला येते, भात लावताना येते, बाजारात कोणी तिच्यासारखी घासाघीस करत असलं की तिथेच उभा राहतो.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "काका, मुलगी त्यांना आई म्हणायची, चाळीतले काकू म्हणायचे, तुमची त्या ही. मग त्यांना नावानं कोण हाक मारायचं?"

मी विचार केला. तिचे आईवडील. देवगडचा थोरला भाऊ. मैत्रीण एक होती, खालच्या मजल्यावरची. सगळे गेलेले. "आता कोणी नाही," मी म्हणालो. ते नाव आता फक्त माझ्या तोंडात उरलं होतं, आणि मी ते दातांआड धरून बसलो होतो. माझ्यामागे ते लाइटच्या बिलावर राहील, तेही मुलगी बदलून घेईल.

मी तोंड उघडलं. काही येईना. परत उघडलं.

"मॅडम, नुसतं नाही येत. उखाण्यातून चालेल?"

"चालेल की!" त्यांनी कप खाली ठेवला. "घ्या नाव."

मी उभा राहिलो. उखाणा काही बसून घेत नाहीत. "काका, तुमचं नुसतं पोट दिसतंय," त्या म्हणाल्या. मी दोन पावलं मागे सरकलो, शर्ट खाली ओढला आणि लग्नातलाच उखाणा घेतला. माझाच होता, स्वतः जुळवलेला. "चौपाटीच्या वाळूत रुतू लागले पाय," आणि मग तिचं नाव, आणि मग, "आणखी हुकूम काय?"

मी वाट पाहत उभा राहिलो. कोणाची, ते मला ठाऊक होतं. ती आत असती तर हातात पळी घेऊन धावत आली असती, "अहो, हळू, गॅलरीत लोक आहेत!"

गॅलरीत लोक होते. त्यांच्या चपला वाजत होत्या. मी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि उखाणाबिखाणा काही न घेता, आतल्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं तिला नावानं हाक मारली.