मामांचं अर्थिंग

माणसाची सगळी दुखणी खराब अर्थिंगमधून येतात असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. शेजाऱ्याचा संधिवात असो, सोसायटीची लिफ्ट असो, मामांचं निदान ठरलेलं. माझ्या लग्नात अक्षता पडताना मी घामाघूम झालो, तर हे कानाशी येऊन म्हणाले, “जावईबापू, एक पाय पाटाखाली टेका. लाकूड हाय, अर्थिंग मिळंना तुमाला.”

मामा मूळचे साताऱ्याकडचे, राहायला खांदेश्वरला, नोकरी द्रोणागिरीच्या एका गोदामात इलेक्ट्रिशियनची. त्या गोदामात बोटीतून आलेली एक जुनी अमेरिकन गाडी बेवारस पडली होती. आठ सिलिंडरची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली, आणि एवढी लांब की मामांच्या पार्किंगमध्ये तिचं तोंड मावायचं आणि बाकीची गाडी शेजाऱ्याकडे. लिलावात ती मामांनी घेतली. सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरच्या मांडणीतली भांडी बोलू लागत. ब्रेक दाबला की वायपर फिरायचे, डावा इंडिकेटर दिला की रेडिओ लागायचा आणि हॉर्न वाजवला की हेडलाइट लाजून डोळे मिटायचे. मामा अजिबात खचले नाहीत. “दिव्याला वायर एकच जाते,” ते मला समजावत, “परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातनं बॅटरीत येतोय. मधे गंज आला की भलत्याच वाटंनं घरी जातोय बिचारा.” मग दर रविवारी ते पॉलिश पेपरने गंज खरवडायचे आणि एक नवी काळी वायर जोडायचे. सेक्रेटरींनी एकदा विचारलंच, “मामा, गाडी आहे की सबस्टेशन?” मामी म्हणायच्या, “माझ्याशी बोलायला वेळ नाही, पत्र्याला मात्र गोंजारत बसतात.” त्यावर मामा मला म्हणाले, “चिडलेली न्हाई ती. अर्थिंग लूज झालंय.” हे मामींनी ऐकलं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बाहेर वडापाव खाल्ला.

मग त्यांच्या एकुलत्या मुलीचं, गौरीचं लग्न ठरलं. तिचा हट्ट एकच, “पाठवणी बाबांच्याच गाडीतून.” मामींनी कपाळाला हात लावला. मामांनी मात्र इंजिन उतरवून आतून-बाहेरून सगळी गाडी स्वतःच्या हातांनी लालचुटूक रंगवली.

पनवेलच्या हॉलवरून आम्ही मोरा बंदराला, नवऱ्या मुलाच्या घरी निघालो. फेटा बांधून मामा चालवत होते, शेजारी मी, मागे जोडपं. मामी पाहुण्यांच्या गाडीतून पुढे गेल्या होत्या. द्रोणागिरीजवळ सिग्नलला इंजिन बंद पडलं. मामांनी किल्ली फिरवली तसा हॉर्न बोंबलला, वायपर नाचले आणि बॉनेटमधून धूर निघाला. नवरदेवाने दार उघडून बाहेर उडी मारली. उपरण्याची गाठ तो विसरला होता, त्यामुळे गौरीही मागोमाग खेचली गेली.

मामांनी बॉनेट उघडलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापून लाल झाली होती. इंजिनाला बॉडीशी जोडणारी तांब्याची पट्टी त्यांनी ओल्या रंगावरच आवळली होती, आणि अडलेला करंट केबलमधून वाट काढत होता.

“मी! मी सवता पट्टीखाली रंग दिला!” मामा एवढ्या दुःखाने म्हणाले की नवरदेवाने त्यांना पाणी दिलं.

बॅटरी सोडवून, लग्नाच्या कोटातून पॉलिश पेपर काढून ते फेट्यासकट गाडीखाली शिरले. खरवडल्याचा आवाज आला, पान्याचा आला, मग थांबला. बाजूने कंटेनरचे ट्रेलर धडधडत जात होते. मी वाकून पाहिलं. पट्टी घट्ट बसली होती. मामा नुसते उताणे पडले होते आणि पाणी डोळ्यांतून कानांत ओघळत होतं.

“झालं का मामा?”

“एक बोल्ट ऱ्हायलाय.”

गौरी शालू सावरत रस्त्यावरच बसली. “बाबा, या ना बाहेर.”

“तू गेलीस की येतो.”

“तुम्ही गाडीखाली. मी जाऊ कशी?”

आतून आधी हुंदका आला, मग हसू, मग फेटा. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली, आणि वायपर जागचे हलले नाहीत.

मोऱ्याला गौरीने माप ओलांडलं. येताना मामी मागच्या सीटवर बसल्या होत्या. सोसायटीत गाडी लावल्यावर मी निघू लागलो, तर मामांनी माझा हात धरला.

“जावईबापू, च्या पिऊन जावा,” ते म्हणाले. “आज दोघांनीच दार उघडायचं, जीव हुईना.”