केरीच्या दोन खुर्च्या

गोव्यात सर्वणला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. जुनं फर्निचर घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि विकायचं, हा माझा धंदा तिथून चालतो. आधी कपाटं, मेजं, खाटा एवढंच असायचं. पुढे किनाऱ्याकडची भाड्याची घरं सोडून जाणारे लोक फोन करू लागले आणि ‘डिझायनर’ हा शब्द माझ्या शेडमध्ये शिरला. एखाद्या नामांकित माणसाने आखलेली, त्याच्याच कारखान्यातून आलेली खुर्ची आणि तिची हुबेहूब नक्कल, दोघींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! मी मोबाइलवर बघून शिकले. खुर्ची आधी उलटी करायची, शिक्का शोधायचा, स्क्रू बघायचे, सांधे चाचपायचे. चार महिन्यांत मला वाटायला लागलं, आपल्याला सगळं कळतं.

केरीच्या मॅडमचा फोन आला तो त्याच सुमारास. या परदेशी बाई नवऱ्याबरोबर कैक वर्षं केरीत राहिल्या. नवरा वारला, आता त्या मुलीकडे परत निघाल्या होत्या. त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन सागवानी खुर्च्या होत्या, अगदी सारख्या.

“एक आम्ही आमच्या देशातून आणली,” त्या म्हणाल्या. “दोघांना बसायला एक कशी पुरणार? म्हणून नवऱ्याने लाटंबार्सेच्या सुताराकडून दुसरी तशीच करून घेतली. पण कुठली कोणती, ते आता खरंच आठवत नाही.”

मी दोन्ही उलट्या केल्या. शिक्का कुठेच नाही. बैठकीचा वेत नव्याने विणलेला, त्या भानगडीत लेबल गेलं असणार. एकीचा हात डुगडुगत होता आणि सांध्यात नवा चकचकीत स्क्रू पिळलेला होता. दुसरी ठणठणीत. सांध्यात नख शिरेना, हाताची कड लोण्यासारखी गुळगुळीत.

“ही अस्सल,” मी ठणठणीत खुर्चीवर हात ठेवून सांगितलं. “ती डुगडुगणारी इथली.”

दोन्ही घेतल्या. पेडण्यात घर बांधणाऱ्या एका आर्किटेक्टने फोटो बघून लगेच फोन केला. “अस्सल आहे याची खात्री ना?”

“शंभर टक्के!” मी म्हटलं.

डुगडुगणारी ज्याने केली त्यानेच नीट करावी, म्हणून लाटंबार्सेत विचारत विचारत त्या सुताराचं घर गाठलं. सुताराला इथे मेस्त म्हणतात; हे मेस्त सत्तरीच्या पुढचे, पण हात अजून चालते. माझ्या नवऱ्याने त्यांना पिकअपमधून शेडवर आणलं. मेस्त आत आले, डुगडुगणाऱ्या खुर्चीकडे बघितलंही नाही, सरळ दुसरीपाशी गेले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

“मेस्त, ती विदेशी. तुमची ही इकडे.”

“कोण म्हणता?”

“मीच म्हणते.”

मेस्त हसले. “हय बोट लाव गो बाय.”

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला लाकडाची छोटी गोल चकती बसवलेली होती. मला ती दिसलीच नव्हती. “जुन्या घराच्या जनेलाचं लाकूड. हय खिटी होती, भोक बुजवलं.” त्यांनी पटाशीने कडेला जरासं खरवडलं, तर पॉलिशखालून जुन्या खिडकीच्या निळ्या ऑइलपेंटची रेघ निघाली. मग सुतळी घेऊन सगळे पाय मोजायला लावले. डुगडुगणारीचे पुढचे दोन्ही पाय अगदी एका मापाचे. मेस्तांच्या खुर्चीचे किंचित कमी-जास्त. “मशीनीचे पाय जुळे. माझे नुसते भाऊ.”

“मग तुमची एवढी घट्ट कशी?”

“त्या विदेशीचा हात तेव्हाच ढिला होता. बघितलं, आणि माझ्या खुर्चीत खुंटी लांब घातली.”

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. त्याच संध्याकाळी आर्किटेक्टला फोन केला. “साहेब, माझी चूक झाली. मी सांगितली ती अस्सल नाही. दुसरी आहे, तिची दुरुस्ती झालीय आणि शिक्का नाही.” मग ते म्हणाले, “रविवारी येतो.”

आले, दोन्ही खुर्च्यांत आळीपाळीने बसले. मेस्तांनी तोवर तो स्क्रू काढून सागवानी खुंटी घातली होती. ही दुरुस्ती, नवा वेत, गेलेलं लेबल, सगळं मी बिलावर लिहून दिलं आणि त्यांनी अस्सल खुर्ची घेतली. पण निघता निघता मेस्तांच्या खुर्चीपाशी थबकले आणि तिथेच असलेल्या मेस्तांना विचारलं, “जेवणाच्या टेबलाला अशा सहा करून द्याल?”

“सहा नाय. दोन करीन. पाठ जरा उंच करीन, ही पाठीक लागता. आणि खाली माझं नाव घालीन.”

“घालायलाच हवं,” आर्किटेक्ट म्हणाले.

दोन महिन्यांनी त्या खुर्च्या तयार झाल्या. मी एक उलटी करून बघते तर तापल्या लोखंडाने डागलेलं नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“मेस्त, थोडं बारीक चाललं असतं!”

“तुका दिसूक होया ना?” मेस्त म्हणाले. “मागच्या खेपेक चुकलीस.”