मागची जागा

“जरा बघून येतो,” असं म्हणून तो फटफटी बंद करायचा, एखाद्या धोंड्याला टेकवायचा आणि समोरचा उतार पायी उतरायला लागायचा. हात पाठीशी, मान खाली, काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखा. मधेच एखादा दगड पायानं बाजूला सारायचा, एखाद्यावर उभा राहून तो डुगडुगतो का ते बघायचा. तळाशी पोचला की वळून एकदा वर नजर टाकायचा. मग तितक्याच सावकाश परत यायचा, किक मारायचा आणि ज्या उतारावर आम्ही बूड घासत जायचो, तिथून गाडीवर उभ्या उभ्या खाली जायचा. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं, एवढं चालायचंच तर फटफटी कशाला हवी? मलाही सुरुवातीला तसंच वाटे.

लढाई नुकतीच संपली होती. मी म्हसवडच्या एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर लस टोचायला, औषधं पोचवायला आमच्याकडे एक म्हातारं तट्टू होतं. ते उन्हाळ्यात मेलं. डॉक्टरसाहेब पुण्याला गेले आणि लष्करी सामानाच्या लिलावातून एक फटफटी घेऊन आले. विमानातून छत्रीनं खाली सोडता यावी म्हणून केलेली होती म्हणे. इतकी हलकी की मी आणि झाडूवाल्यानं ती उचलून ओसरीवर ठेवली. डॉक्टरसाहेब एकदाच बसले आणि थेट निवडुंगात गेले. त्यानंतर तिच्या हँडलवर आम्ही छत्र्या अडकवत होतो.

एका बाजारच्या दिवशी हा आला. उंच, काटकुळा, अंगात विटका खाकी शर्ट. पोटरीवरच्या जुन्या जखमेला पट्टी बांधून घ्यायला आला होता. पट्टी बांधून झाली तरी हलेना.

“ही कुनाची?”

“दवाखान्याची.”

“चालती?”

“डॉक्टरसाहेबांकडून चालत नाही,” मी म्हणालो.

त्यानं छत्र्या काढून भिंतीशी नीट उभ्या केल्या, ओसरीवर पोतं पसरलं आणि गाडी खोलायला बसला. ऊन कलण्याच्या सुमाराला तिनं निळा धूर सोडला. बाजारातल्या शेळ्या दावी तोडून पळाल्या. आतून डॉक्टरसाहेब हातात स्टेथोस्कोप घेऊन धावत आले, आणि त्याच ओसरीवर त्याची नेमणूक झाली.

लढाईत तो डिस्पॅच रायडर होता, म्हणजे एका ठाण्यावरचा निरोप दुसऱ्या ठाण्यावर फटफटीवरून पोचवणारा. दोन वर्षं इटलीच्या डोंगरात त्यानं हेच केलं होतं. आमच्या गावात त्याला सगळे फौजी म्हणत आणि फटफटीला नाकतोडा. नाव अगदी बरोबर होतं. माळावरून ती धावायची नाही, टुणटुण उड्या मारत जायची.

आमच्याकडच्या वाटा तुम्हाला ठाऊक असतील तर मी काय सांगतो ते कळेल. वरच्या थरात सुटा मुरूम, खाली कातळ. ओढ्यात गुडघाभर वाळू. बाभळीचे काटे तर सगळीकडे. वाळू आली की तो चाकातली हवा थोडी सोडायचा आणि चाक पसरट करून पलीकडे जायचा. पलीकडे बसून हातपंपानं पुन्हा हवा भरायचा. चढावर गाडी बंद पडली तर शिव्या द्यायचा नाही. उतरायचा, गाडी आडवी करायचा, टोपी काढून डोकं खाजवायचा आणि खाली जाऊन परत पहिल्यापासून चढ घ्यायचा. लशीच्या बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून छातीशी बांधलेल्या असायच्या. त्याच्या हातून एकही बाटली फुटल्याचं मला आठवत नाही. तो स्वतः मात्र आठवड्यातून एकदा तरी सोलवटून यायचा आणि आयोडीन लावताना माझ्याकडे न बघता छताकडे बघायचा.

पण एक गोष्ट होती. तो मागं कुणाला घ्यायचा नाही.

मागं गादी नव्हती, पण भक्कम कॅरियर होतं. दवाखान्याचे पैसेवाले आश्रयदाते शेटजी एकदा सिद्धनाथाच्या देवळापर्यंत सोड म्हणाले. शेटजी अंगानं भरलेले. हा म्हणाला, “शेट, स्प्रिंग बसंल.” शेटजींनी ते मानलं. मग त्यांचा मुनीम पुढं आला, वाळलेल्या शेंगेसारखा. त्याला म्हणाला, “तुमी लय हलकं. उडून पडाल.” मला म्हणाला, “कंपौंडर, तुमी उंचीला बरोबर न्हाई.” उंचीचा काय संबंध, असं मी विचारलं तर गाडी पुसायला लागला. लशीच्या कामावर मी पहाटे चालत निघायचो, तो मागून येऊन मला ओलांडून जायचा आणि वस्तीवर पोचून माझी वाट बघत बसायचा. अशी आमची वरात. डॉक्टरसाहेब चिडायचे, पण गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हती.

आमच्या नर्सबाई चाळिशीच्या होत्या. मिरजेला शिकलेल्या, लवकर विधवा झालेल्या, आवाज असा की ओसरीवरून बोलल्या तर वेशीपर्यंत ऐकू जाई. तिथल्या लोकांना त्या डॉक्टरांपेक्षा जास्त आपल्या वाटत.

चैत्र उलटून गेला होता. सकाळी एक धनगर डोंगरावरच्या वाडीतून धावत आला. त्याची सून अडली होती, मूल पायाळू होतं आणि वाडीतल्या सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टरसाहेब साताऱ्याला गेलेले. वाडीपर्यंत चालत जायचं तर दुपार टळून गेली असती. बाईंनी पिशवी भरली, पदर खोचला आणि सरळ फटफटीजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“चला.”

“बाई, मी मागं कुनाला घेत न्हाई.”

“मग मी पुढं बसते, तुम्ही मागं बसा.”

ओसरीवरची माणसं हसली. तो हसला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. परक्या पुरुषाच्या मागं बसून बाईमाणूस जाणार म्हणून तो कचरतोय, असं जमलेल्यांना वाटलं. एक म्हातारा म्हणालाही, “आरं, बहीन समज आन् ने की!”

“त्येचं न्हाई,” तो म्हणाला.

धनगर मधेच मटकन खाली बसला. त्याच्याकडे फौजी क्षणभर बघत राहिला. मग आत जाऊन एक पोतं घेऊन आला, त्याची घडी घालून कॅरियरवर बांधली, दोरी दोनदा ओढून बघितली.

“बाई, बसा. पन एक करायचं. वाटंनं बोलत ऱ्हायचं. काय बी बोला. गप मातूर बसायचं न्हाई.”

“एवढंच ना?” बाई म्हणाल्या. “आजवर मला कुणी गप बस म्हणूनच सांगितलंय.”

पुढचं मला बाईंनी सांगितलं. ओढ्याच्या वाळूपर्यंत त्या दवाखान्यातल्या कुरबुरी सांगत होत्या. माळावर माहेरची माणसं सांगितली. डोंगराची वाट लागली तसे दात एकमेकांवर आपटायला लागले आणि बोलायला काही सुचेना. त्या थांबल्या की पुढून आवाज यायचा, “बाई?” की त्या पुन्हा सुरू. उतार पायी जाऊन बघण्याइतका वेळ त्या दिवशी नव्हता. एका घळीत गाडी बाजूला सरकली, त्याचा गुडघा कातळावर घासत गेला, बाईंची चप्पल खाली दरीत गेली. तेव्हा त्या पुरणपोळीची कृती सांगत होत्या. “डाळ शिजली की कट काढायचा,” असं त्या ओरडून सांगत होत्या, आणि तो म्हणत होता, “व्हय बाई, फुडं?” शेवटच्या चढाला कृतीही संपली. मग त्यांनी पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात चुकल्या, तर त्यानं दुरुस्त केलं नाही, नुसतं व्हय म्हणाला.

वाडीत बाई आत गेल्या. हा बाहेर मेंढ्यांच्या वाघुरीशी, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या जाळीशी, बसून राहिला. गुडघ्यातून रक्त येत होतं. धनगरणीनं दुधाचा गडवा दिला, तो हातातच राहिला. मूल निळं पडलेलं निघालं, मग रडलं. मुलगी होती. आईही वाचली. बाई हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांना वाटलं, हा मुलीचं विचारील, बाळंतिणीचं विचारील.

तो म्हणाला, “बाई, तुमाला कुटं लागलं बिगलं न्हाई न्हवं?”

परतताना, दिवस मावळायच्या आधी, ओढ्याच्या काठी चाकात हवा भरता भरता त्यानं बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्याची पट्टी बदलताना मला सांगितलं, तेव्हाही छताकडेच बघत.

इटलीतला हिवाळा. चिखल आणि डोंगर. एका ठाण्यावरून निघताना पलूसकडचा एक जण त्याच्या मागं बसला. त्याच्याच पलटणीतला, त्याच्याच वयाचा. त्याला पुढच्या छावणीत जायचं होतं. वाटेनं तो उसाच्या गप्पा मारत होता. घरी गुऱ्हाळ लागलं असेल, रस उकळायच्या काहिलीवर बाप बसला असेल, असलं काहीतरी. एका वळणावर तोफेचे गोळे पडले. यानं गाडी दामटली आणि वळण पार केलं. मागचा गप्प झाला. पण कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला हात तसाच घट्ट होता.

“मला वाटलं, झोपला. आमी दोन रात्री झोपलो न्हवतो. मी त्येला शिव्या देत होतो, कंपौंडर. झोपतुयास काय रं, पडशील की, म्हनून. एक नाला पार केला, एक पूल पार केला. छावनीत आलो आन् म्हनलं, उतर की गड्या.”

मी पट्टीची गाठ जरा सावकाशच मारली.

लढाईवरून आल्यापासून तो पलूसच्या फाट्यापर्यंत दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा तिथूनच मागं फिरला होता. घरच्यांना सरकारची तार गेलेली असणार. आता आपण जाऊन काय सांगायचं?

हे फाट्यावरून परतणं बाईंच्या कानावर गेल्यावर काय होणार ते तुम्ही ओळखलं असेल. बाईंना दवाखान्याची औषधं आणायला मिरजेला जायचंच होतं. त्यांनी डॉक्टरसाहेबांकडून पेट्रोलची सोय करून घेतली आणि याला सांगितलं, “वाटेत पलूस लागतं. मी आहे मागं.” तो नको म्हणाला. बाईंनी पिशवी कॅरियरला बांधलीसुद्धा.

फाट्यावर त्यानं गाडी थांबवली. बाई म्हणाल्या, मी काहीच बोलले नाही, कारण त्या वेळी बोलण्यासारखं काही नव्हतं. बराच वेळ इंजिन नुसतं सुरू होतं. मग त्यानं स्वतःच गाडी आत वळवली.

उसाच्या रानाला लागून घर होतं. बाप थकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. आई अंगणात शेंगा निवडत होती. यानं दाराबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. ठाणं, चिखल, वळण, पूल. शिव्या दिल्या तेही सांगितलं. बाईंना वाटलं, आता म्हातारी टाहो फोडेल. ती शेंगा निवडायची थांबली होती.

“तारंत नुसतं मेला आसं आलं हुतं,” ती म्हणाली. “कुटं पडला, कुनी बघितलं का न्हाई, काय बी न्हवतं. मला वाटायचं, एकलाच कुटंतरी पडून ऱ्हायला आसंल.”

“न्हाई, आय. माज्या कमरंला धरून हुता. शेवटपातूर.”

“बोलला काय?”

“गुऱ्हाळाचं बोलत हुता. आबा काहिलीवर बसलं आसतील म्हनला.”

म्हातारीनं नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकलंसा का? तुमचंच बोलत हुता,” ती म्हणाली. म्हातारा उठला, घरात गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही. म्हातारी उठली तशी तिनं याचा हात धरला, मनगटाशी, घट्ट, आणि ओट्यावर बसवलं. “एकला न्हवता म्हंजे,” असं ती दोन-तीनदा म्हणाली. मग भाकरी टाकायला आत गेली.

बाई तिथून मिरजेला गेल्या आणि औषधं घेऊन मोटारीनं परत आल्या. हा चार दिवसांनी आला. दवाखान्याचं काम तो त्यानंतरही वर्षभर करत राहिला आणि मागं बसवायला लागला. मीही बसलो. त्याची अट तीच. मी काही बाईंसारखा बोलका नाही. एकदा सगळा डोंगर मी त्याला औषधांची नावं ऐकवत चढलो. शेटजींना मात्र त्यानं अखेरपर्यंत घेतलं नाही. त्यांच्या बाबतीत स्प्रिंगची भीती खरी होती.

त्यानंतरच्या सुगीला पलूसहून निरोप आला. म्हाताऱ्याला आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि ऊस तोडणीला आला होता. यानं गाडी धुऊन पुसून ओसरीवर लावली, हवेचा पंप डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि गाठोडं उचललं.

“कवा येनार?” मी विचारलं. त्याच्याशी बोलता बोलता माझीही भाषा तशी झाली होती.

“तितं मानूस न्हाई, कंपौंडर,” तो म्हणाला. एवढंच.

तो परत आला नाही. डॉक्टरसाहेबांनी दहिवडीचा एक मेकॅनिक आणून बघितला. त्यानं नाकतोडा पहिल्याच ओढ्यात घातला. मग आम्ही नवीन तट्टू घेतलं.

संक्रांतीच्या आधी मोटारीनं गुळाची एक ढेप आली. निरोप नव्हता, पण सुतळीऐवजी फटफटीच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून ती बांधलेली होती, त्यामुळे कुणी पाठवली ते विचारावं लागलं नाही. बाईंनी पट्टी सोडवून गुंडाळून ठेवली आणि ढेप ओसरीवर बत्त्यानं फोडली. त्या दिवशी लस टोचून घ्यायला वाडीहून बायका आल्या होत्या, त्यांत ती धनगराची सून होती, कडेवर मुलगी घेऊन. बाईंनी गुळाचा पहिला खडा मुलीच्या हातात दिला. तिनं तो तोंडात घातला, आणि बाकीचं आम्ही वाटून घेतलं.